बल्ल्यांवरची दुडकी

केतकी आमच्या तबेल्यात आली ती दिवाळीनंतर, पुण्याचा पावसाळी रेसचा हंगाम आटोपल्यावर. कुमाईत रंगाची, साडेपंधरा हँड (एक हँड म्हणजे चार इंच) उंचीची थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची घोडी, वय सहा. अंगाने निरोगी, स्वभावाने गरीब. पण दुडकीला, म्हणजे हलक्या धावेला, लावली की मान वर, पाठ फळीसारखी ताठ, आणि पावलं छोटी छोटी, घाईघाईची. लगाम आवळला की आणखी जोरात. यात तिचा दोष नव्हता. रेसमध्ये जॉकी लगाम धरून ठेवतो आणि घोडा त्यावर भार टाकून पळतो. ताणलेला लगाम म्हणजे पळ, एवढंच तिला आयुष्यभर कळलेलं.

तीन महिने मी तिच्या तोंडाशी झगडले. मग लगाम सैल सोडला आणि जमिनीवर बल्ल्या, म्हणजे लांब लाकडी दांडे, टाकल्या. तेव्हापासून घोडा कुठलाही असो, शाळेतल्या मुलांचा शांत टट्टू असो किंवा मेळ्यातून आणलेला मारवाडी, माझी सुरुवात बल्ल्यांपासूनच होते. बल्ली घोड्याला जे सांगते ते आपल्या हातांना सांगता येत नाही: पाऊल कुठे टाकायचं, किती उचलायचं, पाठ कधी सोडायची. आपण फक्त अंतर नीट मांडायचं आणि मध्ये यायचं नाही. हे दुसरं फार अवघड आहे, म्हणूनच हे सगळं लिहितेय.

आधी शब्दाबद्दल. जमिनीवर सपाट ठेवलेल्या बल्लीला रायडिंगमध्ये ग्राउंड पोल म्हणतात. तीच बल्ली दोन्ही टोकांना आधार देऊन थोडी उचलली की ती कॅव्हलेटी. शब्द इटालियन आहे, अर्थ 'छोटे घोडे'. इटलीच्या घोडदळातला अधिकारी फेदेरिको काप्रिली (1868–1907) याने घोड्याच्या पाठीवर मागे रेलून बसण्याची जुनी पद्धत मोडली आणि स्वाराने घोड्याच्या तोलाबरोबर पुढे झुकावं, त्याची मान मोकळी सोडावी, असं शिकवलं. कॅव्हलेटीचा सराव त्याच इटालियन परंपरेतला. मी आमच्या सुतारांना कागदावर चित्र काढून दाखवलं, तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे घोड्याच करायच्यात ना ताई, आम्ही फळी कापायला ठेवतो तशा." इटालियन भाषेतही सुताराच्या घोडीला हाच शब्द आहे.

बल्ल्या कुठून आणायच्या? लाकडाच्या वखारीत सुरूच्या किंवा निलगिरीच्या बल्ल्या मिळतात. लांबी तीन मीटर, जाडी मनगटाहून जास्त, म्हणजे दहा-बारा सेंटीमीटर. सरळ बघून घ्या, साल सोलून घ्या, गाठी तासून घ्या आणि पॉलिशपेपर मारा, कारण फास घोड्याच्या पायात जाते तशी तुमच्या हातातही जाते. रंग द्यायचा तर पांढरा किंवा पिवळा. घोड्याला निळा-पिवळा चांगला कळतो, लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. आमचं मैदान तांबड्या मुरमाचं, त्यावर न रंगवलेली तपकिरी बल्ली त्याला दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. अर्ध्या अर्ध्या मीटरवर पांढरा आणि गडद निळा पट्टा दिलात की मधला भाग कुठला तेही स्वाराला समजतं.

बांबू वापरू नका आणि पीव्हीसीचा पाईपही वापरू नका. पाईप मी वापरले आहेत, म्हणून ठासून सांगते. हलके, स्वस्त, उचलायला सोपे म्हणून आणले होते. केतकीचा मागचा उजवा खूर पाईपवर पडला, पाईप पुढे गरगरला आणि ती गुडघ्यांवर आली. मी मानेवर गेले, पडले नाही. तिचा मागचा घोटा संध्याकाळपर्यंत सुजला. तीन आठवडे रोज दोन वेळा थंड पाण्याची धार आणि हातात धरून चालवणं. चूक माझी होती, भोगलं तिने. त्या दिवसानंतर आमच्याकडे प्रत्येक बल्लीची एक बाजू वाकसाने तासून सपाट केलेली असते, म्हणजे ती लोळत नाही. तासायची नसेल तर दोन्ही टोकांना वाळूची छोटी पिशवी टेकवा. खूर लागला तर बल्ली थोडी सरकावी, पण गोल फिरू नये.

आता अंतर. पुस्तकी आकडे साधारण असे: चालीला, म्हणजे घोडा सावकाश चालताना, दोन बल्ल्यांमध्ये 80 ते 90 सेंटीमीटर, दुडकीला 1.20 ते 1.40 मीटर, कँटरला, म्हणजे दुडकीच्या वरच्या वेगाला, तीन मीटर किंवा थोडं जास्त. हे मोठ्या घोड्याचं माप. टट्टूला प्रत्येक ठिकाणी कमी करावं लागतं, दुडकीला मीटरभरापर्यंतसुद्धा. पण टेप घेऊन हे आकडे मांडू नका, आधी तुमच्या घोड्याला विचारा.

विचारायचं असं. सकाळी मैदानाच्या लांब बाजूला दाताळं फिरवून दहा-बारा मीटरचा पट्टा सारखा करा. त्यावरून घोडा एकदाच, त्याच्या रोजच्या वेगाने, दुडकीत सरळ न्या. उतरा आणि ठसे बघा. पुढची नाल गोल उमटते, मागची जरा निमुळती. दुडकीत समोरासमोरचे नव्हे तर तिरके दोन पाय एकत्र पडतात, आणि मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या आसपास येतो. पुढच्या डाव्या पायाचा ठसा शोधा, मग त्यानंतरचा पुढच्या उजव्याचा. दोन्ही ठशांच्या टोकांपासून पट्ट्याला आडवी फक्कीची रेघ मारा, कबड्डीच्या मैदानावर मारतात तशी, आणि दोन रेघांमधलं अंतर मोजा. अशी चार-पाच पावलं मोजून मधलं माप धरा. केतकीचं पहिलं माप आलं 1.18 मीटर. तिच्या उंचीच्या घोडीला ते कमी होतं. पाय लांब होते, पण पाठ आखडलेली असल्यामुळे पाऊल उघडत नव्हतं. मी बल्ल्या 1.18 वरच मांडल्या, 1.30 वर नाही. घोड्याला पहिल्या दिवशी जमलंच पाहिजे. पाऊल लांबवायचं काम नंतरचं, आणि तेही एका वेळी तीन-चार सेंटीमीटरने.

पहिला दिवस मात्र दुडकीचा नाहीच. खोगीर न घालता, तोंडाला नुसता हॉल्टर (म्होरकी) आणि दोर हातात धरून, एकच बल्ली. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, अगदी कपाळासमोर आणि नाकाखाली त्याला दिसत नाही. बल्ली पायाशी येते तेव्हा ती त्याच्या नजरेतून गेलेली असते, आधी पाहिलेलं लक्षात ठेवूनच तो पाय उचलतो. म्हणून बल्लीजवळ थांबला, मान खाली घालून हुंगू लागला, फुरफुरला तर त्याला हुंगू द्या. दोर सैल ठेवा. तुम्ही त्याच्या खांद्याजवळ चाला, समोर उभं राहून ओढू नका, उडी मारलीच तर तो तुमच्या अंगावर येईल. आमचे सईसमामा, घोड्यांची निगा राखणारे, या वेळी काहीच करत नाहीत, नुसते दुसरीकडे बघत उभे राहतात, आणि घोडा मिनिटाभरात स्वतःहून पलीकडे जातो. दोन्ही बाजूंनी पाच-सहा वेळा झालं की बास. मानेवर थोपटा आणि परत न्या.

एकावरून थेट तीनवर जा. दोन बल्ल्या नवख्या घोड्यासमोर ठेवू नका. दोन म्हटल्या की त्याला तो एक रुंद अडथळा वाटतो आणि तो दोन्ही एकदम ओलांडायला झेप घेतो. तीन किंवा चार असल्या की झेप घेण्याचा विचार सुटतो आणि पाऊल मोजण्याचा सुरू होतो. चालीत, हातात धरून, मग स्वार होऊन, असे तीन-चार दिवस जाऊ द्या. चालीतला सराव लोक उरकून टाकतात, तो उरकू नका. चालीत चारही पाय वेगवेगळे पडतात, प्रत्येक पायाला स्वतंत्र विचार करावा लागतो. पाठीला आलेला आखडलेपणा मला तरी दुडकीपेक्षा चालीतच आधी सुटलेला दिसला आहे.

मग दुडकी. दहा-पंधरा मिनिटं चाल आणि मोकळी दुडकी करून अंग गरम झाल्यावरच बल्ल्यांकडे वळायचं. चार बल्ल्या, तुमच्या मोजलेल्या अंतरावर, कोपऱ्यापासून निदान आठ-दहा मीटर पुढे, म्हणजे वळून आल्यावर घोडा सरळ होऊन मधोमध येईल. रिकीब नेहमीपेक्षा दोन भोकं आखूड. रायझिंगमध्ये, म्हणजे दुडकीच्या तालावर खोगिरातून उठत-बसत, या, पहिल्या बल्लीच्या आधी दोन-तीन पावलं खोगिरातून हलकेच उठून किंचित पुढे झुका आणि तसंच राहा. हात आयाळीच्या दोन्ही बाजूंना, मान खाली न्यायची असेल तर नेता येईल इतका लगाम द्या. तोल जातोय असं वाटलं तर आयाळ धरा, लगाम नको. नजर समोरच्या झाडावर. बल्ल्यांकडे बघितलंत की तुमचं डोकं खाली जातं, खांदे पुढे जातात आणि घोड्याच्या पुढच्या पायांवर तुमचा भार येतो, नेमका जेव्हा त्याला ते उचलायचे असतात.

आणि मग ऐका. बरोबर झालं तर ताल मोडत नाही: टप्-टप्, टप्-टप्, लाकडावर एकही खट् नाही. तिसऱ्या बल्लीवर पाठ तुमच्याखाली वर येते, जणू कोणी गादी खालून उचलली. केतकीच्या बाबतीत हे अकराव्या दिवशी झालं. चौथी बल्ली ओलांडल्यावर तिने मान लांब करून जमिनीकडे सोडली आणि नाकातून एक लांब श्वास टाकला. त्या दिवशी मी तिथेच उतरले, पुढचं काही केलं नाही.

खट् झालं, किंवा घोडा अडखळला, तर तो निष्काळजी आहे असं लगेच म्हणू नका. उतरून ठसे वाचा. खूर दोन बल्ल्यांच्या मधोमध पडायला हवा. पहिल्या गाळ्यात मधोमध, दुसऱ्यात थोडा पुढच्या बल्लीकडे, तिसऱ्यात बल्लीला चिकटून, असं दिसलं तर त्याच्या पावलाला जागा कमी पडतेय, अंतर वाढवा. ठसे उलटे, म्हणजे ओलांडलेल्या बल्लीकडे मागे सरकत गेले असतील तर अंतर जास्त आहे, कमी करा. एकच पाय पुन्हा पुन्हा लागत असेल तर अंतराशी खेळत बसू नका, त्या पायात दुखणं असू शकतं. आधी नालबंदाला दाखवा, नाल सैल नाही ना, आणि मग डॉक्टरांना.

घाई करणाऱ्या घोड्याचं काय? रेसवरून आलेले बहुतेक घोडे बल्ल्या दिसल्या की वेग घेतात. बल्ल्यांसमोर लगाम ओढणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण मान वर होते आणि जे बघायचं तेच दिसेनासं होतं. बल्ल्यांच्या बाजूला मोठा गोल घ्या, वेग शांत होईपर्यंत गोलातच राहा, शांत झाला की बाहेर पडून बल्ल्यांवरून जा, पलीकडे चालीवर या आणि थांबा. पुढच्या फेरीला पुन्हा गोल. कधी बल्ल्यांवरून जायचं आणि कधी नाही हे घोड्याला आधी कळत नाही, त्यामुळे धावायचं कारण उरत नाही. केतकीला याला दोन आठवडे लागले. अजूनही वाऱ्याच्या दिवशी ती एखाद्या फेरीला घाई करते.

सरळ रेषेत जमू लागलं की गोलावर या. पंखा उघडावा तशा चार बल्ल्या वीस मीटरच्या गोलावर मांडा: आतली टोकं जवळ, बाहेरची लांब, आणि तुमचं मोजलेलं अंतर बरोबर मधोमध. पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांचा उपयोग इथे होतो. आतल्या बाजूने गेलात तर पाऊल आखडावं लागतं, बाहेरून गेलात तर उघडावं लागतं, म्हणून मांडणी न हलवता घोड्याला दोन्ही शिकवता येतं. आतला मागचा पाय पोटाखाली जास्त यावा लागतो. केतकी उजवीकडे लोण्यासारखी वळायची, डावीकडे खांदा बाहेर टाकायची, आणि तिचा बाहेरचा खांदा मी कितीही दाबला तरी फरक नव्हता. पंख्यावर तिने तो स्वतःच आत आणला, कारण खांदा बाहेर टाकला की बल्ली रुंद बाजूने येते आणि पाऊल पुरत नाही. कच्च्या बाजूने कमी फेऱ्या करा, जास्त नाही. तीन चांगल्या फेऱ्या आणि विश्रांती. कच्ची बाजू दमवली की ती आणखी कच्ची होते.

उचलणं सगळ्यात शेवटी. आधी बल्लीचं एकच टोक, एकीचं डावं, दुसरीचं उजवं, असं आलटून पालटून, हातभर नव्हे, फार तर वीतभर, पंधरा-वीस सेंटीमीटर. हे फक्त चालीत. मग दोन्ही टोकं तेवढीच उचलून दुडकीत. खाली लाकडाचे चौकोनी ठोकळे घ्या, वर बल्ली बसेल अशी खाच काढलेले. जुन्या पद्धतीच्या फुलीच्या आकाराच्या लाकडी घोड्यांना, ज्या फिरवल्या की तीन उंच्या मिळतात, वर आलेली टोकं असतात, पडलेल्या माणसाला ती लागतात. कॅव्हलेटी एकावर एक रचून उंच अडथळा कधीही करू नका. कोसळली की घोड्याचे पाय त्यात अडकतात. उंचीमुळे सांध्यांना जास्त वाकावं लागतं, पोटाचे आणि पाठीचे स्नायू जास्त काम करतात, म्हणून उचललेल्या बल्ल्यांच्या दिवशी फेऱ्या निम्म्या.

कँटरबद्दल थोडकंच. आधी एक बल्ली, मग तीन मीटरच्या आसपास अंतर ठेवून तीन. दुडकीत ताल पक्का झाला असेल तर हे आपोआप जमतं, नसेल तर परत दुडकीवर जा.

सारंगखेड्याच्या मेळ्यातून, म्हणजे दत्तजयंतीला तापीकाठी भरतो तिथून, मारवाडी किंवा काठेवाडी घोडा आणलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. तुमचा घोडा रवाल चालणारा असेल, एका बाजूचे पाय बरोबर टाकत पाणी न सांडता चालणारा, तर दुडकीच्या बल्ल्यांवर तो गोंधळेल, कारण दुडकीत तिरके पाय पडतात. रवालच हवी असेल, तिच्यासाठीच घोडा घेतला असेल, तर दुडकीच्या बल्ल्या नकोत, चालीच्या करा. त्यानेही पाठ सुटते आणि पाय उचलले जातात. रवालीची वाट लावून नंतर ती परत मागू नका.

किती करायचं? आठवड्यातून दोनदा, मध्ये दोन दिवस सोडून. बल्ल्यांचं काम एकूण दहा-पंधरा मिनिटं, त्यातही दर तीन-चार फेऱ्यांनी लांब लगामावर चाल. खूर घासू लागले, आधी न लागणाऱ्या बल्ल्या लागू लागल्या, शेपूट सारखी फिरू लागली, की थांबा, मग मनातला आकडा पुरा झालेला असो वा नसो. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसातच्या आत उरका. पावसाळ्यात ओला मुरूम निसटतो आणि काळी माती नालेत गच्च बसते. जून ते सप्टेंबर आम्ही फक्त चालीच्या बल्ल्या करतो, त्याही उघडीप असेल तेव्हा. डोक्यावर हेल्मेट, घोड्याच्या पायांना बूट, आणि मैदानात दुसरं माणूस असल्याशिवाय सुरुवात नाही. पडल्यावर घोडा पकडायला आणि बल्ल्यांचं अंतर बदलायला, दोन्हीला ते माणूस लागतं.

दर महिन्याला दाताळं फिरवून पुन्हा मोजा आणि तबेल्याच्या भिंतीवर खडूने तारीख घालून लिहा. केतकीचे आकडे असे आहेत: 1.18, 1.19, 1.24, 1.23, 1.30. मधला एक मागे आला, तेव्हा तिची नाल नुकतीच बदलली होती.

काम संपलं की खोगीर काढून चारही पायांवरून हात फिरवा, खुरापासून गुडघ्यापर्यंत. एखादी जागा बाकीच्यांपेक्षा गरम लागली तर तिथे पाण्याची धार धरा आणि उद्या पुन्हा बघा. बल्ल्या रात्री मैदानात पडू देऊ नका, वाळवी लागते आणि दवाने तडे जातात. दोन दगडांवर आडव्या, जमिनीपासून वीतभर वर, छपराखाली ठेवा, सपाट बाजू खाली.